आईने सोडलेला मेंढा

बाबा, यंदा मेंढ्यांवर मेंढा सोडायचाच नाही असं मी ठरवलं होतं. तुम्ही गेल्यापासून दर आषाढात मीच सोडत आले. एकदा सोडला की मेंढ्या गाभण, दिवाळी सरल्यावर पिल्लं, आणि ती जरा हिंडूफिरू लागतात तोवर पुन्हा आषाढ. मला घरातून निघायला मधे फटच उरत नाही. अमरावतीच्या मावसबहिणीने वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम बघून ठेवलं. परतवाड्याचा एक कसाई अख्खा कळप न्यायला तयार झाला.

मेंढ्याच्या पोटाखाली फडकं बांधायला तुम्हीच शिकवलंत. मी शिंगं धरून उभी आहे, तुम्ही वाकून गाठ मारताय. 'काहून बांधता, बाबा?' मी विचारते. 'आता मोकळा सोडला तं पिल्लं भर उन्हाळ्यात येतीन. चारा नाई तं मेंढीले दूध नाई. मंग पिल्लू काय पिईन?' आषाढात ते फडकं सोडून तुम्ही त्याच्या छातीला ओला गेरू चोळायचात. जिच्या पाठीवर लाल डाग दिसेल, ती लागली, म्हणजे गाभण धरायची. लागलेली मेंढी कसायाला द्यायची नाही, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण आपल्या घरात कोणी मोडलंही नाही.

काम बघायला मी आठवडाभर अमरावतीला राहिले. परत आले तर अर्ध्या कळपाच्या पाठी लाल. आई मोरीवर हात धूत होती.

'हे काहून केलं, माय?'

'मले इचारलं होतं तुनं?' तिने वर पाहिलंही नाही. 'तुह्या बाबाच्या मेंढ्या गाडीत चढवून मी एकटी कोनाच्या तोंडाकडं पाहू?'

दुसऱ्या दिवशी कसाई टेम्पो घेऊन आला. 'गाभन असो का नसो, मले काय फरक पडते?' म्हणाला. मी घराला लागून असलेल्या मेंढ्यांच्या वाड्याच्या फाटकात उभी राहिले, हललेच नाही. आईने त्याला चहा दिला. तो रिकामा टेम्पो घेऊन गेला. संध्याकाळी दोघींनी मिळून मेंढ्या कोंडल्या आणि फाटकाला आतून कडी मीच लावली.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहिता तरी येतंय. आज मावसबहिणीचा फोन आला. 'कदी येतं वं?' तिने विचारलं. मी 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाई' म्हणत फोन ठेवून दिला. बाबा, आवाज स्वच्छ येत होता.