फांदीवरचं बिऱ्हाड

सांगली, १४ जानेवारी २०२५

चि. स्वानंदीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रविवारी तू मांडून गेलेली काचेची पेटी शाबूत आहे आणि मासेही दोन्ही आहेत. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. दिवाळीत तुझी मामी गेली, तेव्हापासून फोनवर आपलं माणूस बोललं की रडू फुटतं. पत्रात निदान थांबून डोळे पुसता येतात.

साताऱ्याच्या घरात जागा नाही म्हणून पेटी इथे ठेवलीस म्हणे! जन्म हळदीच्या आडतीत गेला माझा, थाप वासावरून कळते.

तुझे मासे म्हणावेत तर पोहायलाच नको त्यांना. करंगळीच्या दोन पेरांएवढं अंग, खवले नाहीत, नुसता गुळगुळीतपणा. रंग मात्र चोख, राजापुरी हळकुंड मोडल्यावर आत दिसतो तो. डोळ्याखाली बारीक निळ्या दोन रेघा, कल्ल्याजवळ आणखी दोन. दिवसभर त्या फांद्यांत परांवर रेलून बसतात आणि पारावरच्या म्हाताऱ्यांसारखे येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतात. त्यांच्यामुळे सकाळी उठावं लागतं, एवढं खरं.

तुझी आई म्हणते, पाडव्याला घर बंद करून साताऱ्याला ये. दुकान आमचे दिवाणजी, कृष्णात, बघतात. मलाही वाटतं, आता इथे माझं आहे काय?

तुझा मामा,
गंगाधर

सातारा, २१ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

थाप पकडलीत, आता काय बोलणार! तुम्हाला सकाळी उठवणारं कुणीतरी हवं होतं आणि कॉलेज सोडून मला रोज येता येत नाही.

ते आळशी नाहीत हो. हे गोबी मासे. उबदार समुद्रात, लाटांपासून आडोसा असलेल्या उथळ पाण्यात, फांद्या फुटलेल्या प्रवाळात त्यांचं घर. बहुतेक एका झुडपात एक जोडपं, आणि तिथेच जन्म काढायचा. फांदीवर शेवाळ धरलं की कुरतडून टाकतात, म्हणजे झाडलोटही त्यांचीच. अंगावरचा बुळबुळीत थर कडू असतो, मोठा मासा तोंडात घेऊनही थुंकून टाकतो. तुमच्याकडची फांदी मात्र साच्यातली, कारण खऱ्या प्रवाळाला हात लावायला कायद्यानं बंदी आहे. मासेही हॅचरीत जन्मलेले, समुद्र त्यांनी पाहिलेलाच नाही. तरी फांदी दिसताच घरात शिरावं तसे शिरले.

तुम्ही आलात तर आम्हाला आनंदच आहे. पण मनापासून यायचं असेल तरच या, घर खायला उठतं म्हणून निघू नका. आणि पाण्यात काही घालायचं तर आधी मला विचारा. लोभ आटू देऊ नये.

तुमची भाची,
स्वानंदी

सांगली, १६ फेब्रुवारी

चि. स्वानंदीस,
आशीर्वाद.

बातमी वाईट आहे. एका माशाचा पर फाटलेला दिसला. आपल्याकडे कुणाला खरचटलं की काय लावतात? तुझी मामीही हळदच लावायची. तुला विचारलं नाही, कारण हळदीच्या बाबतीत सांगलीचा माणूस कुणाला विचारत नाही. घरी कुटलेली, निवडक, चिमूटभर टाकली. पाणी असं पिवळं झालं की मासे दिसेनात. कृष्णातनी आणि मी धावपळ करून तू भरून ठेवलेलं खारं पाणी पेटीत बदललं. सकाळी एक तळाशी आडवा पडला होता.

दुसरा फांदीत आत शिरून बसलाय, खायला टाकलं तरी बाहेर येत नाही. मी समोर खुर्ची टाकून बसतो. फार वाईट वाटतंय गं. ज्याला जपायला जावं तेच माझ्या हातून जातं. घर विकत मागणारा एकजण खेटे घालतोय, त्याला होकार देतो. आईला सांग, पाडव्याला मी कायमचा येतो.

मामा

सातारा, २० फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना रडले आणि हळदीपाशी आल्यावर हसू आलं, माफ करा. खोटा धीर देत नाही, हळदीचा त्रास झालाच असणार, पूड कल्ल्यांत बसते. पण मामी तुमच्या हातून गेली नाही. तिचं दुखणं डॉक्टरांनाही आवरलं नाही. ही दोन दुःखं एका गाठोड्यात बांधू नका.

उरलेला रुसलेला नाही. समुद्रात जोडीदार गेला आणि शोधायला उघड्यावर निघालं, तर कुणीतरी गिळायचं. म्हणून तो घर धरून राहतो. दुसरा एखादा एकटा तिथे आला की दोघं मिळून राहतात. गंमत पुढेच आहे. दोघेही नर निघाले तर काही आठवड्यांत एक मादी होतो, दोघी माद्या निघाल्या तर एक नर होते. बिऱ्हाड मांडायचं हे आधी ठरतं, कोण काय होणार ते मागाहून.

रविवारी दुसरा मासा घेऊन येते. तोवर घराचा होकार थांबवा, एवढं माझं ऐका.

स्वानंदी

सांगली, २८ मार्च

चि. स्वानंदीस,
अनेक आशीर्वाद.

नव्याला जुन्यानं आधी जवळ फिरकू दिलं नाही. आता दोघं एकाच फांदीवर रेलतात आणि खायलाही बाहेर येतात.

फलटणचा लालासाहेब माझा वसतिगृहातला दोस्त, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. बायको गेली, मुलगा परदेशी. दात दाखवायला सांगलीला आला आणि माझ्याकडे उतरला. मासे बघून लय झ्याक हाईत म्हणाला आणि ह्यातला नर कंचा म्हणून विचारू लागला. मी तू लिहिलेलं सगळं सांगितलं. पोट धरून हसला, मग खुर्ची ओढून पेटीसमोर बसला. जेवताना मी त्याला म्हटलं, इथेच राहा. दुसऱ्या दिवशी तो फलटणला निघून गेला, तेव्हा वाटलं, संपलं. आठवड्यानं रिक्षातून ट्रंक उतरवत होता.

घर मागणाऱ्याला मी नाही म्हणून कळवलंय. हळदीचे सौदे जोरात आहेत, रोज दुकानी जातो. घरी आलो की अंगण झाडलेलं असतं आणि चपला रांगेत लावलेल्या असतात. फौजी खाक्या, दुसरं काय. आईला सांग, साताऱ्याला येईन, पण चार दिवसांचा पाहुणा म्हणून.

लोभ आहेच, तो वाढायला जेवायलाच ये. कोण काय होणार हे आमचं अजून ठरलेलं नाही. तूर्तास कणीक मी मळतो आणि पोळ्या सुभेदार लाटतात.

तुझा मामा,
गंगाधर