भिंतीकडचा शॉट

मुलुंड (पूर्व),
१४ नोव्हेंबर १९८७

प्रिय शुभा,

एवढं लांबलचक पत्र बघून घाबरू नकोस. वाईट बातमी लोक तारेनं कळवतात आणि ती दोन ओळींत संपते. माझं लांबतंय त्यावरूनच ओळख, की इथे सगळे ठणठणीत आहेत. चार वर्षं झाली, आपण दोघी जावा दिवाळीच्या कार्डावर नुसती सही करून एकमेकींची बोळवण करतोय. यंदाचं तुझं झेंडूच्या चित्राचं कार्ड आलं, ते हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. मनात म्हटलं, भावाभावांचं वाजलं ते त्यांचं त्यांच्यापाशी, आपण का तोंडाला कुलूप घालून बसायचं? शिवाय घरात असं काही घडलंय की ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

तर ऐक. आपल्या हॉलमध्ये पूल टेबल आलंय. हॉलमध्ये म्हणजे हॉलच्या आमच्या अर्ध्यात. पुन्हा वाच हवं तर, मी शुद्धीवर आहे. ऑगस्टअखेर हे रिटायर झाले. ह्यांच्या कंपनीनं फोर्टातली जागा सोडायची ठरवली, त्यामुळे तिथला कर्मचाऱ्यांचा क्लबही बंद व्हायचा होता. बाकीच्यांना निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. ह्यांनी अठरा वर्षं क्लबचं चिटणीसपद सांभाळलं म्हणून साहेबांनी विचारलं, तुम्हाला काय आवडेल? हे म्हणाले, ते कोपऱ्यातलं टेबल. साहेबांना वाटलं लिहायचं टेबल. मग बोट दाखवल्यावर ते इतके हसले म्हणे, की नाही म्हणायचं राहूनच गेलं. मला ही गोष्ट हे घरी आल्यावर कळली, आणि मी काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

ते टेबल तू पाहिलेलं नाहीस, पण त्याचा त्रास आपण दोघींनीही भोगलाय. शनिवारचा अर्धा दिवस आठवतो ना? हे श्यामभाऊजींना क्लबात पाहुणे म्हणून घेऊन जायचे, आणि आपण पानं मांडून बसलेल्या. वरणावर साय धरायची. मग तीन-साडेतीनला दोघे उगवायचे, बोटांना निळा खडू, सदऱ्यांना निळा खडू, आणि जिन्यापासूनच वाद चाललेला, की तो शेवटचा, डाव जिंकून देणारा काळा बॉल नशिबानं गेला का कसबानं. ह्यांनीच शिकवलं आणि भाऊजी ह्यांनाच हरवायचे. हरल्यावर ह्यांचा चेहरा इतका खुललेला असायचा, की परक्याला वाटावं हेच जिंकून आले. आपण चिडून दोघांना कोशिंबीर वाढायची नाही असं ठरवायचो आणि मग तूच आधी विरघळायचीस.

बरं, टेबल आणायचं ठरल्यावर ह्यांचं माप घेणं सुरू झालं. तुझ्या दादांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. दाराची रुंदी, खिडकीची रुंदी, टेबलाचे पाय, दिव्याची उंची, सगळं वहीत. मी सोफ्यावर बसले होते तर माझ्यासकट सोफा मोजला. टेप तोच, पिवळा. तो बाहेर निघाला तेव्हा मला भिंतीचा दिवस आठवला, खोटं कशाला बोलू. अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर भाऊजी म्हणाले, बिल्डरला घर देऊ, सगळ्यांना नवे फ्लॅट मिळतील. हे म्हणाले, अण्णांच्या घराला हात लावायचा नाही. दोघेही आपापल्या परीनं बरोबर होते, पण मग नको ते शब्द गेले. त्यानंतरच्या रविवारी ह्यांनी ह्याच टेपनं हॉल मधोमध मोजला आणि गवंडी बोलावला. भिंत उभी राहत होती तेव्हा भाऊजी दारात उभे राहून बघत होते. महिन्याभरात नागपूरची बदली मागून घेतली आणि तुमच्या अर्ध्याला कुलूप लागलं. तुला रिक्षात बसवताना मी रडले ते तुला दिसू नये म्हणून मागे वळले होते. तू ते वेगळ्या अर्थानं घेतलं असशील, असं मला चार वर्षं वाटत आलंय.

असो. टेंपो आला तो दिवस सांगते. टेबल म्हणजे लाकडाची चौकट असेल अशी माझी समजूत. त्याच्या पोटात काळ्या दगडाची अख्खी लादी असते! आठ माणसं लागली. दारातून ती वळेना, मग खिडकीचे गज काढले आणि लादी खिडकीतून घरात आली. गल्लीतले झाडून सगळे जमले. शेजारच्या ठक्करबेननी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की एवढ्या मोठ्या दगडावर तुम्ही वाटणार तरी काय? मी म्हटलं, नवऱ्याला रिकामा वेळ वाटायचाय. मी लाकडाला हळदकुंकू लावलं, नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडायला लागला, कारण आत पाण्याचा थेंब पडला तर जीव देईन असं गुणाजीनं बजावलं होतं.

गुणाजी म्हणजे क्लबचा मार्कर. खेळणाऱ्यांचे गुण पुकारणारा, बॉल मांडणारा, टेबलाची आईसारखी काळजी घेणारा कुडाळकडचा माणूस. टेबल जोडायला तो मुद्दाम विक्रोळीहून तीन दिवस आला. पहिला दिवस नुसती लादी सपाट करण्यात गेला. पाणसळ लावली, तिच्यावर त्याचा विश्वास नाही. मग पांढरा बॉल अगदी हळू सोडायचा आणि तो कुठे कलतो ते जमिनीवर पालथं पडून बघायचं. आपल्या हॉलची फरशी अण्णांनी मोरीकडे उताराची घालून घेतली होती, धुतलेलं पाणी आपोआप जावं म्हणून. प्रत्येक बॉल मोरीच्या दिशेनं निघाला! शेवटी गुणाजीनं पत्त्यांचा जोड मागितला आणि पायांखाली एकेक पान सरकवत गेला. एका पायाखाली सात पानं गेली. आमची रमी बंद पडली, पण बॉल जागच्या जागी उभा राहिला. मग हिरवं कापड ताणून बसवलं, त्यावरून त्यानं असा हात फिरवला, की मला उगाच भरून आलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला शॉट ह्यांनी मारायचा होता. मी चहा ठेवून बघायला उभी, ठक्करबेन खिडकीत. ह्यांनी क्यू घेतला, म्हणजे ती खेळायची लांब काठी, जवळजवळ माझ्या खांद्यापर्यंतची. तिच्या टोकाला निळा खडू घासला, भिंतीच्या बाजूला गेले, वाकले, काठी मागे ओढली, आणि खट्. काठीचं बूड भिंतीवर आपटलं. सरकून उभे राहिले, पुन्हा खट्. शुभा, ह्या माणसानं मला मोजलं, सोफा मोजला, आणि काठी मोजायची विसरला! अठरा वर्षं क्लबच्या ऐसपैस खोलीत खेळल्यावर काठीला मागे जागा लागते हे डोक्यात येणार तरी कसं? ठक्करबेन तोंडाला पदर लावून पळाल्या. मी हसत सुटले ती थांबेना. हे मात्र वहीतली मापं पुन्हा पुन्हा बघत होते. टेबल इकडेतिकडे सरकवायचीही सोय नाही, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि तीही जवळच. मग गुणाजी कमरेवर हात ठेवून शांतपणे म्हणाला, "सायबानू, टेबल बरोबर लागला हा. भिंत तेवडी चुकीच्या जागेर उबी आसा." माझं हसू थांबलं. चहा उतू गेला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

ह्यांनी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी सुतार गाठला आणि एक क्यू कापून अर्धा करून आणला. भिंतीच्या बाजूनं अर्धी काठी, बाकी तिन्ही बाजूंनी सांभाळून पूर्ण काठी. अर्ध्या काठीनं खेळताना हे इतके विचित्र वाकतात, की पोळ्या लाटताहेत असं वाटतं. आणि तुला गंमत सांगू? मीही शिकले. आपण दुपारी कॅरम खेळायचो ना, तुझा तो कड घेऊन मारायचा फटका मी इथे वापरते. परवा ह्यांना दोनदा हरवलं. ठक्करबेन आता भाजी निवडायला इथेच येतात आणि माझ्या बाजूनं ओरडतात. पहिल्यांदा जिंकले तेव्हा मी सवयीनं वळून तुला हाक मारली, शुभा बघ, म्हणून. समोर भिंत होती.

आता जे सांगणार आहे ते नीट वाच. दसऱ्यानंतर एकदा दुपारी मी ठाण्याहून लवकर परत आले, तर हॉलमधून ह्यांचा आवाज येत होता. मला वाटलं गुणाजी आलाय. बघते तर एकटेच. एकदा ह्या बाजूनं खेळत होते, एकदा त्या बाजूनं, आणि स्वतःच गुण पुकारत होते. गुण लिहायच्या पाटीवर दोन रकाने होते. एकावर 'वि', दुसऱ्यावर 'श्या'. मी आल्या पावली परत फिरले आणि फाटक मुद्दाम वाजवून पुन्हा आत आले. तोवर पाटी पुसलेली.  त्यानंतर मी लक्ष ठेवलं. रोज दुपारी तोच डाव, गं. आणि तुझा नवरा रोज जिंकायचा.

मग तीन आठवड्यांपूर्वी टेबलावर चादर आली. मी उचलायला गेले तर हे कधी नव्हे ते ओरडले, की हात लावू नकोस. चादरीखाली दोनच बॉल. काळा कोपऱ्यातल्या भोकापाशी, आणि पांढरा भिंतीकडच्या कडेला चिकटून. मी म्हटलं, सोपा तर आहे, अर्ध्या काठीनं मारा आणि संपवा एकदाचं. हे खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "तो श्यामचा शॉट आहे. त्याला अर्ध्या काठीनं खेळायला नाही लावणार मी." तेवीस वर्षांच्या संसारात ह्यांचे डोळे मी तीनदा भरलेले पाहिलेत. आई गेल्या तेव्हा, अण्णा गेले तेव्हा, आणि हे. मग मी ठक्करबेनना सांगितलं, की भाजी आता ओट्यावर निवडू.

गेल्या रविवारी गुणाजी टेबल बघायला आला. चादर उचलून त्यानं बॉल बघितले आणि काय ते ओळखलं. त्यानं तोडगा काढला, की भिंतीतल्या काठीच्या उंचीवरच्या दोन विटा काढू, काठी आरपार मागे जाईल, दिसायला कोनाड्यासारखं दिसेल. माझ्या मते झकास कल्पना होती. पण हे एकदम ताठ झाले. म्हणाले, भिंतीची पलीकडची बाजू श्यामची आहे, त्याला विचारल्याशिवाय मी एक खिळाही ठोकणार नाही. गुणाजी म्हणाला, मग विचारा. ह्यावर तुझे दादा उठले आणि झाडांना पाणी घालायला गेले. आदल्याच दिवशी मी घातलं होतं.

म्हणून हे पत्र. ते विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते आहे. पण दोन विटांची परवानगी मला नको. कोनाडे घरात पुष्कळ आहेत. भिंत ह्यांनी घातली, चूक ह्यांची, आणि ती ह्यांना कळली आहे, एवढं मी बायको म्हणून सांगू शकते. तुम्ही नाताळच्या सुट्टीत किल्ली घेऊन या. घर विकायचं की ठेवायचं ते नंतर चौघं मिळून बोलू, हवं तर भांडू, पण एका हॉलमध्ये बसून. पहार मी शेजारून मागून ठेवली आहे. शुभा, मला तुझी फार आठवण येते, हेही एकदा लिहून टाकते. इथवर लिहिलं आणि मागे हे उभे. मला वाटलं आता कागद फाडतात. पत्र वाचलं नाही, फक्त पाकिटावरचा पत्ता वाचला, पिनकोड चुकलाय म्हणाले आणि खोडून स्वतःच्या अक्षरात बरोबर घातला. म्हणजे चार वर्षं तो पाठ आहे बघ. मग आत गेले, आणि पाकिटात तुझ्या हाताला जे कागदात गुंडाळलेलं चौकोनी टणक लागलं असेल ते आणून माझ्यापुढे ठेवलं. निळा खडू आहे, कोरा, न वापरलेला. म्हणाले, "एवढं घाल त्यात. येताना घेऊन ये म्हणावं, इथला संपलाय." इथे डबाभर आहे, शुभा. मी काल मोजला.

वाट बघणारी,
तुझीच,
मृणालवहिनी