लग्नातून गायब झालेला आचारी

द्वारका, नवी दिल्ली

आदरणीय अक्का,

सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? फोनवर तू "बरा आहे" म्हणालीस, पण ज्या आवाजात म्हणालीस त्यावरून तू परत गच्चीवर पापड वाळत घालायला चढली असणार, असा माझा संशय आहे. इकडे सगळं ठीक. रमाची साखर ताब्यात आहे, रमा नाही. लेक समता पुण्यात मजेत. दिल्लीची हवा डोळ्यांना दिसते, एवढंच तिचं कौतुक.

निवृत्तीनंतर मी संध्याकाळच्या वर्गात कायद्याला नाव घातलं, हे तुला ठाऊक आहेच. पुढचं सांगितलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात सरांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं अभ्यासाचा एक जोडीदार निवडावा. मुलांनी क्षणात जोड्या केल्या. (एवढ्या वेगानं झालेली अंमलबजावणी मी मंत्रालयातल्या अख्ख्या नोकरीत पाहिली नाही.) उरलो मी, आणि उशिरा आल्यामुळे उरलेली नीलम. ही गाझियाबादची मुलगी, आपल्या समतापेक्षा लहान. दिवसा नोएडात नोकरी करते आणि संध्याकाळी धावतपळत वर्ग गाठते. तिनं माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चलो अंकल, आप ही सही."

माझी पद्धत तुला माहीत आहे. पहिल्या बैठकीला मी विषयपत्रिका टाइप करून नेली आणि बैठक संपल्यावर इतिवृत्त लिहून तिच्यापुढे सहीला ठेवलं. तिनं सही केली, त्याच कागदावर समोसा ठेवला आणि विचारलं, "अंकल, ये 'करार' होता क्या है, अपने शब्दों में बताओ." अक्का, मला व्याख्या पाठ होती, स्वल्पविरामांसकट. पण माझे शब्द कोणते, ते काही सापडेनात. फायलींवर इतकी वर्षं 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिल्यावर माणसाकडे स्वतःचे शब्द राहतात कुठे? तिचं नेमकं उलटं. तिला सगळं समजलेलं, बोलायला लागली की ऐकत राहावं. पण उत्तर लिहायला सांगा, चार ओळींत पेन खाली. म्हणून आम्ही ठरवलं की तिनं माझी उत्तरं कापायची आणि मी तिची वाढवायची. ती कापताना जरा जास्तच खूश दिसायची.

गाडी अशी रुळावर येत असताना मूट कोर्ट आलं. मूट कोर्ट म्हणजे खोटा खटला: वकील आम्ही विद्यार्थी, न्यायाधीश मात्र खरे, निवृत्त. खटला असा, की लग्नाच्या स्वयंपाकाचा करार केलेला आचारी ऐन दिवशी आलाच नाही, असं म्हणत वधूपक्षानं त्याला कोर्टात खेचलं. आम्ही आचाऱ्याच्या बाजूनं. नीलमची मावशी आमच्या वाटेवर उत्तमनगरला राहते, तिच्याकडे जायचं म्हणून त्या संध्याकाळी ती माझ्याच मेट्रोत होती. ती म्हणाली, अंकल, मी समोरच्या पक्षाची वकील बनते, तुम्ही आचारी व्हा, सराव करू. मी हो म्हणालो. इथे चुकलो.

डबा भरलेला. नीलमचा आवाज खणखणीत. "शादी के दिन आप ग़ायब थे या नहीं?"

मी खाली मान घालून (भूमिकेत शिरलो होतो), "जी, था."

"लड़कीवाले इंतज़ार करते रहे, आपने एक फ़ोन तक नहीं किया?"

"जी, नहीं किया."

आजूबाजूचे मोबाइल खाली आले. समोर बसलेल्या एका बाईंनी मला टकल्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "इस उम्र में शादी, और वो भी छोड़के भाग गए." मी घाईनं खुलासा केला की बहनजी, मी नवरदेव नाही, आचारी आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "तो क्या हुआ? रसोइये की ज़बान की कोई क़ीमत नहीं?" पलीकडच्या एका गृहस्थांनी मुलीच्या बापाचं काय झालं असेल याचं वर्णन सुरू केलं. मी नीलमकडे पाहिलं. ती मन लावून त्यांचे मुद्दे मोबाइलमध्ये टिपून घेत होती. मी दोन स्टेशनं आधीच उतरलो.

त्याच आठवड्यात चाचणीचा निकाल आला. मी एकाच प्रश्नात सगळा वेळ घालवला होता, त्यामुळे नापास. अक्का, खरं सांगतो, या वयात मुलांमध्ये जाऊन हसं करून घ्यायचं कशाला, असं वाटलं. मी नीलमला कळवलं की प्रकृतीच्या कारणास्तव मी अभ्यासक्रम सोडत आहे, तरी तिनं अन्य जोडीदार पाहावा.

रविवारी सकाळी दारात नीलम. इतक्या लांबून आलेली. रमाचं वांग्याचं भरीत आणि भाकरी शांतपणे जेवली, हात धुतले आणि माझ्यासमोर बसली. "अंकल, आपका आवेदन नामंज़ूर है. आपके बिना मुझे लिखना नहीं आता." एवढंच. मग पुस्तक उघडलं. मी आत गेलो, उगाच चष्मा पुसला आणि येऊन बसलो.

मूट कोर्टात मी उभा राहिलो आणि तोंडातून "उपरोक्त" निघालंच. न्यायाधीश म्हणाले, एका वाक्यात सांगा. मी नीलमकडे पाहिलं. नीलम माझ्याऐवजी सहज बोलू शकली असती, पण ती छताकडे बघत राहिली. शेवटी मी म्हणालो, "साहेब, आचारी पोचला होता, लग्नच दुसरीकडे गेलं होतं." न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि मोठ्यानं हसले. पुढचं, हॉल बदलल्याचा निरोप कसा पोचलाच नाही ते, नीलमनं असं मांडलं की निकाल आमच्या बाजूनं लागला.

घरात सर्वांना माझी आठवण सांग आणि गच्चीचं दार बंद ठेव.

तुझा
भाऊराव

ता. क. नीलमला उन्हाळ्यात नागपूरला एका वकीलबाईंकडे महिनाभर काम शिकायला जायचं आहे. तिची आई म्हणते, ओळखीचं घर असेल तरच पाठवीन. मी तुझं घर सांगून टाकलं आहे. तिच्या आई तुला फोन करतील; कृपया हिंदीत बोल, आणि आधी हो म्हण. मुलीला तिखट कमी लागतं.

आणखी ता. क. अक्का, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून मी रमा लिहितेय. प्रकृतीचं कारण म्हणजे हे तीन दिवस पांघरूण घेऊन पडले होते आणि ताप मोजू देत नव्हते. मुलगी गुणाची आहे, जरूर ठेवून घ्या. फक्त महिनाभर नको, पंधरा दिवसांत परत पाठवा. ती नसली की यांची जोडीदार मी. काल मी पोळ्या लाटत असताना मला समजावत होते, की दोन्ही बाजूंची राजीखुशी असल्याशिवाय करार होत नाही. मी म्हटलं, मग आपलं लग्न कसं झालं? अजून पुस्तकात शोधताहेत.