गाळलेली ओळ

आई, विमानतळापासून ताईच्या खोलीपर्यंत तू एकटी कशी पोचलीस, ती गोष्ट ताई अजून सगळ्यांना सांगते. तिला ती पुरती माहीत नाही. मला माहीत आहे. तुलाही माहीत होती, आणि तू असेपर्यंत आपण दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तुला जाऊन वीस वर्षं होत आली. मी आता तू तेव्हा होतीस त्याच वयाची आहे, म्हणून लिहायला बसले.

जर्मनीहून ताईचं पत्र आलं तेव्हा मी सांगलीहून मुद्दाम रजा काढून साताऱ्याला आले होते. तू स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होतीस आणि मी दाराला टेकून पत्र मोठ्यानं वाचत होते. ताईला पाचवा महिना लागला होता. तिथल्या डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, पलंगावरून उतरायचं नाही म्हणून सांगितलं होतं. भावोजींची नोकरी दुसऱ्या शहरात, ते शनिवारीच येत. एका म्हाताऱ्या जर्मन बाईच्या घरात वरच्या मजल्यावर त्यांची भाड्याची खोली होती. तू तिथं राहायचं आणि रोज दवाखान्यात जाऊन ताईजवळ बसायचं. पण स्वस्तातलं तिकीट मंगळवारचंच मिळत होतं आणि मंगळवारी तुला न्यायला येणारं कुणीही नव्हतं. मला वाटलं, तू नाहीच म्हणशील. जन्मभर पहिलीच्या वर्गाला शिकवलेली बाई तू, लांबात लांब गेलीस ती मुंबईपर्यंत, तीही लग्नाला. तू मेथीच्या काड्या बाजूला सारल्यास आणि विचारलंस, "पासपोर्टला किती दिवस लागतात गं?"

एवढंच. भीती नाही, विचार करते असंही नाही. मी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, प्रवासाची काळजी वाटतेय. काळजी नव्हती ती.

माझी लेक झाली तेव्हा तुला आठवतं? दीड महिना आधीच आली. मिरजेच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मी बारा दिवस त्या काचेकडे बघत बसले होते. तू रविवारी सकाळी आलीस, डब्यात डिंकाचे लाडू घेऊन. माझे केस विंचरून दिलेस. संध्याकाळी पाच वाजता पदर खोचून उठलीस. मी म्हटलं, "राहा ना गं आजची रात्र." तू म्हणालीस, "उद्या शाळेत तपासणी आहे. सातारा काय लांब आहे का? हाक मारलीस की येईन." मी हाक मारली नाही. हाक न मारता येते ती आई, असं माझं त्या वयात मत होतं. आणि आता ताईसाठी तू समुद्र ओलांडायला निघाली होतीस. तू निवृत्त झाली होतीस, आता शाळा आड येत नव्हती, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

ताईनं पुढचं पत्र मला लिहिलं. विमानतळावरून बाहेर कसं पडायचं, गाडी कुठली, कितव्या स्टेशनावर उतरायचं, ट्राम कुठून धरायची, त्या म्हातारीच्या दाराची घंटा कुठली, सगळं क्रमानं. सोबत गाडीची तिकिटंही पाठवली होती. "आईला मोठ्या अक्षरात लिहून दे," तिनं लिहिलं होतं, "तुझं अक्षर चांगलं आहे." माझ्या वाट्याला नेहमी अक्षरच यायचं.

तरीही त्या दोन महिन्यांत मला मजा आली, हे कबूल करते. तू माझी विद्यार्थिनी झालीस. जर्मन शब्द मी देवनागरीत लिहायचे आणि तू पाढे म्हणावे तसे पाठ करायचीस. "आउसगांग म्हणजे बाहेर जायचा रस्ता. आउसगांग." मग मी म्हटलं, एकदा परीक्षा घेऊया. साताऱ्याहून गाडीनं एकटीनं मिरजेला यायचं, तिथून सांगलीला माझ्या घरी, आणि वाटेत मराठीचा एक शब्द बोलायचा नाही, फक्त चिठ्ठी दाखवायची. मी मिरज जंक्शनवर पुस्तकांच्या गाड्यामागं लपून उभी होते. तू उतरलीस, निळ्या काठाची साडी आणि पायात नवे बूट. जन्मात पहिल्यांदा घातलेले, त्यामुळे चिखलातून चालल्यासारखी पाय उचलत होतीस. पाट्या वाचल्यास. जिन्यावरून बरोबर बाहेर आलीस. रिक्षावाल्यापुढं चिठ्ठी धरलीस.

"कुठं जायचं आजी?" त्यानं विचारलं.

तू चिठ्ठीवर बोट ठेवलंस.

"आवं, मला वाचाया येत न्हाई. तोंडानं सांगा की. मुकं हाय का तुमी?"

तू मान हलवून हो म्हणालीस. मी पुस्तकांच्या आडून हसू दाबत होते, तर त्यानं दुसऱ्या रिक्षावाल्याला हाक मारली, "ये रं गड्या, लय गरीब म्हातारी हाय, बघ काय लिवलंय," आणि दोघांनी मिळून तुला सांगलीच्या बसमध्ये नेऊन बसवलं. घरी आल्यावर तू बूट काढलेस आणि म्हणालीस, "पास का नापास?" तुला पोटाशी धरावंसं वाटलं होतं. धरलं नाही. आपल्याकडं ती पद्धत नव्हती.

ताईच्या सूचना वहीत उतरवायला मी बसले ती निघायच्या आदल्या आठवड्यात, एका दुपारी. ताईचं पत्र शेजारी उघडं होतं. पाच मुद्दे लिहून झाले. सहावा असा होता: गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या खांबाला एक निळा डबा असतो, त्याच्या फटीत तिकीट घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर ते तिकीट धरत नाहीत. मी लिहिणार तेवढ्यात माझी नजर पत्राच्या शेवटावर गेली. ताईनं तिथं लिहिलं होतं, "आई येणार म्हटल्यापासून मला कशाचीच भीती वाटत नाही. लहानपणी माझ्या दम्यात ती मला मांडीवर घेऊन बसायची, तसं वाटतंय." मला दमा नव्हता, आई. मला कधी काहीच झालं नाही. मी शहाणी मुलगी होते, म्हणून मांडी ताईला आणि मला शाबासकी. मी सहावा मुद्दा सोडला आणि सातव्याला सहावा आकडा दिला. मला तुझं वाईट करायचं नव्हतं, एवढं तरी खरं मान. मला वाटलं होतं, वाटेत कुठंतरी अडशील, आणि अडलीस की तुला ताई नाही, मी आठवेन. तुला माझी गरज पडावी, एवढंच हवं होतं. दोन दिवसांनी आपण काय केलंय ते मला उमगलं. तरी मुंबईच्या विमानतळावर तू काचेच्या दारातून आत जाईपर्यंत वही तुझ्या काखेत होती आणि पेन माझ्या पर्समध्ये, आणि ते मी बाहेर काढलं नाही.

मंगळवारी दुपारी दोनपर्यंत पोचल्याचा फोन यायला हवा होता. फोन शेजारच्या निवृत्त सुभेदारांकडं होता. मी त्यांच्या पुढच्या सोप्यावर जाऊन बसले. तीन वाजले, चार वाजले. त्यांची बायको चहा घेऊन आली. "घ्या की वैनी. येतोय फोन. इमान म्हंजे काय यष्टी हाय व्हय, उशीर हुतोच की." माझा चहा तसाच निवून गेला. सहा वाजून गेल्यावर घंटा वाजली. भावोजी म्हणाले, "पोचल्या. घरमालकीणबाईंनी आत्ताच कळवलं मला," आणि लाइन तुटली. मी घरी येऊन मोरीत तोंड धुतलं आणि तिथंच बसून राहिले.

तू चार महिन्यांनी परत आलीस. ताईला मुलगा झाला होता. ताईला तिथं घेऊन दिलास अगदी तसाच स्वेटर तू माझ्यासाठी आणला होतास, रंगही तोच. माझ्या घरी झोपाळ्यावर बसून तू सगळं सांगितलंस. दोन तपासनीस गाडीत आले, तिकीट उलटसुलट करून बघितलं आणि तुला पुढच्याच स्टेशनावर उतरवलं. ते काय बोलत होते ते तुला कळेना, तू काय सांगतेस ते त्यांना. शेवटी त्यांनी हात झटकले आणि ते निघून गेले. पण गाडीही गेली होती, आणि त्या स्टेशनाचं नाव वहीत नव्हतं. दोन तास तू बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसून होतीस. मग फलाट पुसणारी एक बाई आली. डोक्याला रुमाल बांधलेली, तीही बाहेरच्या मुलखातलीच असावी. तिनं पत्ता वाचला, बादली भिंतीशी ठेवली आणि तुझा हात धरला.

"सरकत्या जिन्यावर मी घाबरले गं," तू सांगत होतीस. "तर तिनं दोन्ही हात धरले. तिचा हात इतका खरखरीत! मग ट्राममध्येसुद्धा सोडला नाही. थेट दारापर्यंत. मी तिला लाडू दिला, तर तिनं तो कपाळाला लावला."

मी ऐकत होते आणि मला कुणाचा हेवा वाटत होता, सांगू? ताईचा नाहीच. त्या फलाट पुसणाऱ्या बाईचा. मी सोडलेल्या जागेत ती येऊन उभी राहिली होती. तुझा हात असा रस्ताभर धरून मी कधी चालले होते, मला आठवेना.

"वही कुठाय?" मी विचारलं.

"राहिली बाई येताना विमानातच." तू स्वेटरची घडी नीट करत होतीस. मग म्हणालीस, "लिहून झालं की एकदा मुळाशी ताडून बघावं गं. मुलांना मी हेच सांगायचे." मी मान डोलावली. तुझं बोलणं नेहमीसारखं मास्तरणीचं वाटलं. वाटून घेतलं.

खरं कळलं ते तुझ्या तेराव्याला. पाहुणे गेल्यावर ताई भिंतीला टेकून रडता रडता हसत म्हणाली, "पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हाच मी तिला विचारलं, शिक्क्याचं मी लिहिलं होतं ना गं? तर म्हणते, होतं की वहीत. धाकटीनं अगदी स्पष्ट लिहिलं होतं, मीच वाचायची विसरले." मी उठून स्वयंपाकघरात गेले. पहिलीच्या मुलांनी गाळलेला काना तुला लांबून दिसायचा. चार महिने तू ताईच्या उशाशी होतीस आणि ती वही तू तिला एकदाही बघू दिली नाहीस. मला वाटायचं, तू माझ्यासाठी कधी काही सोडलं नाहीस.

ही पानं कुठं पाठवायची नाहीत. घरात कुणाला दाखवेन असंही वाटत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात आमच्याकडं साखरपुडा होता. ताईनं व्याह्यांना तुझी गोष्ट सांगितली, अगदी हातवारे करून, आणि शेवटी म्हणाली, "आमची आई हुशार, पण भारी विसराळू." सगळे हसले. मीही हसले, आई. सगळ्यांत मोठ्यानं.