ज्याचं हत्यार त्यानंच उचलायचं

अप्पा, तुमचा नातू आता गिटार वाजवत नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता, म्हणून गिटार म्हणजे काय इथपासून सांगते. तुमच्या एकतारीची थोरली बहीण समजा, सहा तारांची, आणि तिच्यात वीज सोडलेली. लातूरच्या एका दालमिलमध्ये दिवसभर राबायचा आणि संध्याकाळी ती मांडीवर घेऊन बसायचा. नांदेडच्या एका दुकानातून गाण्यांच्या जुन्या सीड्या आणायचा, इंग्रजी, दणदणाटाच्या, मेटल म्हणतात त्याला. त्यातल्या चार त्याच्या जिवाच्या. एकदा मी घरखर्चाचा हिशेब लिहीत होते, तर माझी वही मिटून म्हणाला, "आई, आज ऐकच." मी म्हटलं, "अरे, हे गाणं हाय का गिरणी?" तर म्हणतो, "गिरणीच हाय. दळण किती बारीक पडतंय ते बघ की." मग एकेक लावत गेला. पहिलीत गिटार इतकी जड चालते, जणू भरल्या गाडीचा बैल चढ चढतोय. दुसरीत चौघं जीव खाऊन पळतात आणि एकाचाही पाय चुकत नाही. तिसरी तो एकाच गाण्यासाठी जपायचा, शेवटी गाणारा गप्प होतो आणि गिटार एकटीच रडत राहते. चौथी लागली की तो डोळे मिटून घ्यायचा. ती ऐकताना मला तुमचा शिवरात्रीचा जागर आठवला, एकच ओळ पहाटेपर्यंत घोळवायची, तसा. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "म्हंजे आजोबा बी मेटलवालेच की!" लई हसलो त्या दिवशी.

मागल्या उन्हाळ्यात मशिनीच्या पट्ट्यात त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. तार दाबायची तीच बोटं. मालकानं त्याला वजनकाट्याच्या कामावर बसवलं. जेवतो, कामाला जातो, माझे गुडघे दुखले तर उजव्या हातानं तेल लावून देतो. बघणाऱ्याला वाटावं, सावरला. एका दुपारी मोबाइल घेऊन उंबऱ्यात बसला होता. त्यात त्याचं स्वतःचं वाजवणं भरून ठेवलेलं होतं, चाकूरच्या लग्नातलं, गणपतीतलं, घरी उगीच वाजवलेलं. ते एकेक करून पुसत होता. माझ्या ध्यानात येईस्तोवर सगळं गेलं होतं. "एक बी ठिवलं न्हाईस?" "ठिवून काय करू, आई? ऐकलं की हात वाजवाया मागतो." आता घरात उरल्यात त्या चार सीड्या, म्हणजे दुसऱ्यांचेच हात.

खंडेनवमीला मी विळी मांडली, कात्री मांडली, तुमचे टाळ मांडले आणि मधोमध त्याची गिटार टेकवली. दरवर्षी तोच ठेवायचा, यंदा मी ठेवली. पुजलेलं हत्यार दसऱ्याला ज्याचं त्यानंच उचलायचं, ही तुमचीच शिस्त. मला वाटलं, पोरगं माझं ऐकणार नाही, पण रीत मोडणार नाही. दसऱ्याला आपट्याची पानं हातात देऊन म्हटलं, "उचल रे बाळा, वेळ चांगली हाय." त्यानं सोनं दिलं, माझ्या पाया पडला. मग पूजेकडं बघत हळूच म्हणाला, "ज्याचं हाय त्यानंच उचलायचं, न्हवं? मग त्या वाजवणाऱ्याला बोलव की, आई." घरात आम्ही दोघंच होतो, अप्पा. मी कुणाला बोलावू?

गिटार अजून तिथंच उभी आहे. मी तिच्या भोवतीनं झाडून घेते.

लकव्यानं तुमचा उजवा हात गेला, तेव्हाचे दिवस माझ्या डोळ्यांपुढं येतात. सोमवारी समोरच्या मठात भजन सुरू झालं की तुम्ही मानेनं खूण करता, खिडकी लाव. मी लावते. तुम्ही भिंतीकडं तोंड करता. ते दिवस कसे काढलेत, हे विचारायलाच आज लिहायला बसले. त्याला सांगायला माझ्यापाशी काहीच नाही.

रोज लिंगपूजेला बसते. आधी वेड्यासारखी बोटं मागायचे. नंतर म्हटलं, बोटं राहू दे, निदान त्याला वाजवायची इच्छा दे. आता तेही मागत नाही. आता म्हणते, महादेवा, ते सगळं याच्या मनातून काढून टाक, याला विसर पडू दे. जन्मदात्या आईनं हे मागावं! कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि मागताना मला ठाऊक असतं की असा विसर पडत नसतो. खिडकी लावल्यावर पांघरुणाखाली तुमचा पाय ठेका धरायचा, अप्पा. मी बघितलंय.