नळाच्या वाटेने आलेल्या तक्रारी

थोरल्या साडूभाऊंस,

सावध नमस्कार. आपली कंबर, अक्कांचं बीपी आणि आपल्या शेजाऱ्याचा कुत्रा हे तिघेही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. (आपल्या मेहुणीचं मत वेगळं आहे, पण ते ती स्वतःच कळवील, मत दाबून ठेवणं तिच्या प्रकृतीला झेपत नाही.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण सध्या मला माझ्याच घरात मोठ्याने बोलायची चोरी झाली आहे. का, ते सविस्तर लिहितो. चहा घेऊनच वाचायला बसा.

नळकामाचा धंदा मी मुलाच्या हवाली केला हे आपल्याला ठाऊक आहेच. (हवाली केला म्हणजे त्याने काढून घेतला, पण ते असो.) दुसऱ्याचे पाने-पकडी उचलत सुरुवात करून स्वतःचं घर उभं केलेल्या माणसाला बसून भिंतीकडे बघणं मानवत नाही. तेव्हा सूनबाईंनी सुचवलं, वरची खोली रिकामीच आहे, ती पाहुण्यांना द्या. एक कंपनी आहे; ती मोबाईलवर आपल्या खोलीचे फोटो दाखवते आणि अनोळखी माणसं आपल्या घरी झोपायला पाठवते. जाताना ती माणसं आपल्याला तारे देतात. पाच म्हणजे उत्तम, त्याहून कमी म्हणजे तोंडाला पानं पुसली. तारे फारच घसरले की कंपनी खोली यादीतून काढते, आणि मग मी पुन्हा भिंतीसमोर.

पहिलाच पाहुणा आला तो भलीमोठी बॅग घेऊन. एका मुक्कामाला एवढी बॅग? मदतीच्या निमित्ताने मी ती उचलून पाहिली, तर हलकी! म्हणजे येताना रिकामी आणि जाताना भरलेली, एवढं गणित मलाही येतं. (पुढे कळलं की गृहस्थ लोकरीच्या टोप्यांचे नमुने घेऊन गावोगाव फिरतो. पण पुढे कळलं.) शिवाय तो पडद्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळ्याला "छान, छान" म्हणत होता. काम चालू असताना छान म्हणणारा घरमालक शेवटी कुरकुरतो, हा माझा जन्माचा अनुभव. तसंच झालं. पठ्ठ्या तीन तारे देऊन गेला आणि कारण एका अक्षराने लिहिलं नाही. आता तुम्हीच सांगा, तक्रार होती तर तोंडावर करावी. खिशात घालून कशाला न्यावी? मी ठरवलं, इथून पुढे तक्रार घराबाहेर पडायच्या आत गाठायची.

इथे घराची एक गोष्ट सांगायला हवी. बांधकामाच्या वेळी वरच्या बाथरूमचे सगळे पाइप मी भिंतीतल्या एका उभ्या पोकळीतून खाली आणले आणि स्वयंपाकघरात सिंकच्या वर, दुरुस्तीसाठी, एक लाकडी झडप ठेवली. ती उघडी असली की वरचं सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही. (मुद्दाम ऐकणं वेगळं आणि झडप उघडी राहणं वेगळं.) पण भिंतीला कान लावून गळती कुठे आहे ते सांगण्यात माझी हयात गेली, आता कान माझंही ऐकत नाहीत.

नंतर एक नवरा-बायको आले. तो चष्मेवाला, ती सारखी नाकाला रुमाल लावणारी. संध्याकाळी वरून बाईंचा आवाज आला, की उशी आहे की पाटा? मी तत्काळ मऊ उशी घेऊन दारात हजर. दोघं खूश. मग चष्मेवाला म्हणाला, पंखा कुरकुरतोय. मी तेलाची बुधली घेऊन हजर. बाई म्हणाल्या, चहा जरा गोडच होता. पुढचा चहा कमी साखरेचा. असा यजमान त्यांना सात जन्मांत मिळाला नसता. पण माणसाची जात बघा, साडूभाऊ! आभार मानायचे राहिले बाजूला. ती दोघं बाथरूममध्ये नळ सोडून बोलू लागली. नळ सोडून बोलणारा माणूस सरळ नसतो, हे मी आपल्या मेहुणीला तिथल्या तिथे सांगितलं. त्यांना काय ठाऊक, की पाण्यातून आवाज निवडणं म्हणजे माझ्या हातचा, नव्हे कानचा, मळ. स्पष्ट ऐकू आलं. चष्मेवाला म्हणत होता, "निघत नाहीये." बाई म्हणत होत्या, "जोरात ओढा की! इथेच असणार."

माझ्या काळजाचं पाणी झालं. त्या खोलीत मी दिव्यांना पितळी होल्डर लावले आहेत, जुन्या घडणीचे, आता मिळत नाहीत. मी मोठा पाना घेऊन धावत वर गेलो. बघतो तर चष्मेवाला खुर्चीवर उभा, हातात माझा होल्डर, स्विचबोर्ड उघडा, आणि बाई आरशामागे डोकं घालून बसलेल्या.

"माझा होल्डर कुठे नेताय?" मी ओरडलो.

"आधी माईक कुठे लपवलाय ते सांगा!" तो खुर्चीवरूनच ओरडला.

माझ्या हातात पाना आणि त्याच्या हातात होल्डर. दोघांपैकी चोर कोण हे दारात आलेल्या आपल्या मेहुणीलाही ठरवता येईना. (तिने दोघांनाही खाली यायला सांगितलं.) ती जोडी तशीच निघून गेली आणि तिने कंपनीकडे तक्रार ठोकली की या घरात ऐकण्याचं यंत्र बसवलंय. खोली बंद झाली.

चौकशीला कंपनीने एक बाई पाठवल्या. मी त्यांना अभिमानाने सांगितलं, यंत्र-बिंत्र काही नाही. माझे पाइप आणि माझे कान. त्या म्हणाल्या, मी वर जाऊन हळू बोलते, तुम्ही खाली ऐका. त्या वर गेल्या. मी झडपेपाशी उभा राहिलो आणि वाट बघता बघता आपल्या मेहुणीला म्हणालो, की बाईंचा चेहराच तेवढा कडक आहे, दोन गोड शब्द टाकले की विरघळतील. आणि यांचे बूट बघितलेस का, वरून पॉलिश आणि टाच झिजलेली, म्हणजे स्वभाव वरवरचा.

"हळू बोला," मेहुणी म्हणाली.

"अगं, आवाज वरून खाली येतो. वर कसा जाईल? पंपाशिवाय पाणी वर चढलेलं पाहिलंयस कधी?"

तोच झडपेतून आवाज आला. "चढतं, काका. सगळं चढतं. बुटांसकट."

साडूभाऊ, जन्मभर पाणी हाताळल्यामुळे मी आवाजालाही पाणीच समजत होतो. बाई खाली आल्या आणि त्यांनी तक्रारीचा राहिलेला भाग वाचून दाखवला. मी स्वयंपाकघरात त्याच्याबद्दल काय काय बोललो ते चष्मेवाल्याने शब्दन् शब्द लिहिलं होतं. बाईंनी टोपीवाल्यालाही फोन करून विचारलं होतं; त्याचे तारे पडद्याने किंवा पायपुसण्याने घालवले नव्हते. "हा जाताना चादर घेऊन जाणार" हे माझं वाक्य त्याने बाथरूममध्ये दात घासताना ऐकलं होतं. आपली मेहुणी तेव्हापासून हसते आहे. बाईंनी मात्र (टाच झिजलेली असूनही मन मोठं) खोली उघडायची एक संधी दिली आहे. झडप पक्की बुजवायची, आणि पुढच्या पाहुण्याने तक्रार केली तर खोली कायमची यादीबाहेर.

असो. प्रकृतीला जपा. अक्कांना नमस्कार, कुत्र्यापासून सावध असा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. : पुढचा पाहुणा परका नको. तरी आपण दोघांनी कंपनीमार्फत खोली घेऊन दोन दिवस राहून जावं आणि जाताना पाच तारे द्यावेत.

ता. क. दुसरा : हे लिहिताना आठवलं, मुलाच्या लग्नात आपण त्याच खोलीत उतरला होता आणि ठरल्याआधीच, अचानक काम निघालं म्हणून गेलात. काय काम होतं ते मी आजवर विचारलं नाही. "फुकटचं खाऊन सुस्तावलाय, जागचा हलत नाही" असं काही आपल्या कानावर आलं असेल, तर ते मांजराबद्दल होतं. आमच्याकडे मांजर नाही, पण तेव्हा एक येत असे.

ता. क. तिसरा : गवंडी झडप बुजवायला आला होता. आपल्या मेहुणीने त्याला परत पाठवला. म्हणाली, अक्का राहून गेल्यावर ये. हे अक्कांना सांगू नका. तुम्ही मात्र त्या खोलीत जपून बोला, आणि नळ सोडून बोलू नका. काही उपयोग होत नाही.