सुट्टीची रंगीत तालीम

प्रिय छोट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवणार नाहीस, या आशेवर लिहितेय. फोनवर तू ‘बरा आहे’ म्हणून ठेवून देतोस, आणि बाबा शेजारी असले की मलाही पुढचं सुचत नाही. घाबरू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझ्या ताईने मात्र पेचात टाकलंय. बाबांनी नजर अधू झाली म्हणून घरातलं शिवणकामाचं दुकान बंद केलं, तर आता आराम करा म्हणून तिने समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये आमच्यासाठी चार दिवस खोली राखून ठेवलीय. एकदाच पैसे भरायचे, मग जेवणखाण, चहा, नावेतली फेरी, सगळं त्यातच. मनगटाला पट्टा बांधतात म्हणे, तो दाखवला की हवं ते समोर येतं. तुम्हाला हे मानवेल का ते शनिवारपर्यंत सांगा, म्हणाली.

मला धास्ती आहे ती तिथल्या रिकामपणाची. तू गेल्यापासून आम्ही फक्त कामापुरतं बोलतो. बटणं लावून झाली का, गिऱ्हाईक आलंय, दूध उतू जातंय. कापड कापायच्या टेबलापाशी तू दुकान चालवणार नाही म्हणालास, बाबा ‘या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस’ म्हणाले, आणि इतकी वर्षं त्यावर आमच्यात चकार शब्द निघालेला नाही. हाताला काम होतं तोवर निभावलं. तिथे चार दिवस एकमेकांची तोंडं बघत बसलो, तर जे झाकून ठेवलंय ते उघडं पडेल, आणि मग आमचं पुढे कसं होणार ते मला ठाऊक नाही.

म्हणून रविवारी मी घरातच रंगीत तालीम ठेवली. जेवण बाहेरून मागवलं, दोघांनीही कशाला हात लावायचा नाही असं ठरलं. बाबांनी नाक मुरडलं, पण ऐकलं. थोड्याच वेळात त्यांची चुळबुळ सुरू. नळ गळतोय म्हणून उठले, मी परत बसवलं. मग पडद्याची उसवलेली शिवण बघून मीच सुई शोधायला लागले, तर रिसॉर्टच्या मॅनेजरच्या थाटात माझ्यावर खेकसले. हसू आलं, पण फार टिकलं नाही. जेवणं झाली, कागदी ताटं टोपलीत गेली, आणि घर इतकं गप्प झालं की मला उठून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. ते कापड कापायच्या त्या टेबलाकडे एकटक बघत होते. आता हे तुझ्याबद्दल काहीतरी वाईट बोलणार, असं मला वाटलं. ते एकदा कानांनी ऐकलं असतं तर मला त्यांच्याजवळ राहवलं नसतं.

तर म्हणाले, रिसॉर्टच्या त्या खोलीत तिसरं माणूस मावेल का, विचार तुझ्या लेकीला. तिसरं कोण, माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मी त्याला घरात येऊ नको म्हटलं होतं. ती खोली काय माझं घर आहे?’ शब्द मागे घ्यायचा नाही म्हणजे नाही. मी नियम मोडून टोपली बाहेर ठेवायला उठले. न जाणो, एखाद्या शब्दाने पुन्हा बिनसलं असतं.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी. येशील? ते माफी मागतील अशी आशा ठेवू नकोस, त्यांच्या तोंडून ती निघायची नाही. तुझा राग गेला नसेल तर तेही मला कळतं. तू नाही म्हणालास तर मी ताईला नकार कळवीन आणि बाबांना सांगेन की मलाच तिथे करमलं नसतं. तुला विचारलं होतं हे त्यांना कळूही देणार नाही. तेव्हा माझ्या भिडेखातर येऊ नकोस. फक्त, काल त्यांनी बंद शिलाई मशीनवर झाकलेलं कापड काढलं, आणि मला विचारत होते की छोट्या अंगाने भरलाय की आहे तसाच आहे, जुनं माप चालेल का. मला सांगता आलं नाही.

तुझीच,
आई